कूलरच्या टाकीतली चिलटं

८ एप्रिल, जिंतूर
डाव्या हातानं लिहितोय, कोंबडी चालल्यासारखं अक्षर. उजवा हात (यापुढे उ. हा.) लकव्यानंतर चमचा धरतो, पण सांडतो. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या. लेकीनं रबरी चेंडू पाठवलाय. चेंडू दाबत बसायला मी काय पोर आहे? बारीक गळावर दोरा गुंडाळून खोटी चिलटं बांधायची आणि मासे फसवायचे, हा माझा जुना नाद. तोच पुन्हा धरणार.

११ एप्रिल
बायकोला, शशीला घेऊन येलदरीच्या धरणावर. एस.टी.त कंडक्टर फिशिंग रॉडकडं बघत राहिला. सांजच्याला काठावर चिलटांचे ढग. लोक डास म्हणून हाणतात. डास बसला की मागचे पाय उचलतो, चिलट पुढचे उचलतं. चावत नाही.
चिलापी मासळी वर येऊन खात होती, पाण्यावर नुसते वळसे. आजारापूर्वी बांधलेलं पंखवालं चिलट डाव्या हातानं फेकलं. एकीनंही बघितलं नाही.
शशी: "अवं, त्यायचं पोट भरलंय का तुमच्यावर राग हाय?"

१५ एप्रिल
शशी कूलरची टाकी धुवायला निघाली. तळाला लाल आळ्या. चिलटांच्याच. थांबवलं तर म्हणाली, "वास मारायलाय, लोक काय म्हणतेत?" दोन दिवस मागून घेतले.

१७ एप्रिल
सापडलं! काही आळ्यांचे कोष झालेत. काळपट, वाकडे, डोक्याशी पांढरा झुपका. पाण्याच्या अगदी वरच्या थराखाली लटकलेत. मासे हेच खात होते, पंख फुटायच्या आत. आणि मी आपला पंख बांधत बसलो.
दुपारी आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. आज कोरडा दिवस, घरोघरचं साठलेलं पाणी ओतायचा. हे डास नाहीत म्हणून मी लांबलचक भाषण ठोकलं. "नसतील वो काका, पण वर मी काय सांगू?" टाकी ओतली. त्या गेल्यावर शशीनं मोरीतून लोणच्याची बरणी काढली. थोडे कोष आत. आधीच काढून ठेवले होते बाईनं.

२१ एप्रिल
काळा दोरा, पांढऱ्या लोकरीचा झुपका. सगळं जमतं, शेवटची गाठ उ. हा.तून सुटते. चिमटा भिरकावला. रडू आलं. शशी शेजारी बसली आणि माझं बघून एक बांधलं. पहिल्या झटक्यात. कौतुक वाटायला हवं होतं, राग आला.

२६ एप्रिल
माझी गाठ बसली. ओढून पाहिली, सुटत नाही. उ. हा.नंच बांधलं. डबीत शशीच्या चिलटाशेजारी ठेवलं.

२८ एप्रिल
धरण. गळात दोरी ओवायला अजून जमत नाही, डबीतलं एक शशीनं लावून दिलं. हळूहळू ओढत होतो. दोरी ताठ झाली. उ. हा. आपणहून पुढं गेला, दोरी धरली. मोठी चिलापी होती. एक हिसका दिला, दोरी तुटली, चिलट घेऊन गेली.
"कुणाचं लावलं होतं?"
"तुमचंच की." फार लवकर म्हणाली.
घरी डबी उघडली. उरलेलं माझं की तिचं, मला ओळखू येईना. भिंग लावून पाहिलं, तरी नाही. आधी बरं वाटलं, मग झोप येईना.

२९ एप्रिल
शशीला सांगितलं, आता डबीत फक्त माझीच राहतील. तू बांधायचं नाही.
"आन् न्हाई लागला मासा तर?"
दोरा काढून बसलोय.