आठ पूर्णांक दोन

प्रिय लाडोबा,

तुझं पत्र परवा मिळालं. बाबा तुला लाडोबा म्हणायचे, म्हणून मीही तसंच लिहिलं. आता तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. पत्रात तू प्रवाळांची चौकशी केली आहेस. मजेत आहेत. ते हिरवं गुच्छाचं तर तळहाताएवढं फुललंय. तेव्हा आधी त्यांचंच सांगते, तुलाही तेच बरं वाटेल.

पंधरा दिवसांच्या रजेवर आलास आणि दुसऱ्याच दिवशी ती चार फुटी काचेची टाकी बाबांच्या खोलीत आणलीस. त्यांना विरंगुळा, म्हणालास. बाबांनी विरंगुळा मागितला नव्हता, कुशीवर वळवायला आणखी एक माणूस मागितलं होतं. टाकीला भिंत हवी म्हणून तू त्यांचा पलंग खिडकीखाली सरकवलास, पाण्यात मीठ कालवलंस, दगड रचलेस, माझ्या हातात तपासणीच्या बाटल्या आणि एक वही दिलीस आणि गेलास. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेली बहीण आयतीच मिळाली होती. निळं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, हे मी झोपेतही करीन. क्षारता रोज आठ यायची, अगदी हवी तशी. पीएच मात्र सात पूर्णांक सातच्या वर सरकायला तयार नव्हता. तुला हवा होता आठ पूर्णांक दोन.

रोज संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी बाबा माझ्याकडून केस विंचरून घ्यायचे. मी खिडकीपाशी उभी राहून फोन त्यांच्यासमोर धरायची. एकदा तू म्हणालास, "ताई, बाबांना जरा सरकव ना, मागची टाकी दिसत नाही." बाबा हसले. मला म्हणाले, "सरकव गं. मी काय, रोजचाच आहे." मी सरकवलं. कंबरेखाली लुळा पडलेला माणूस सरकवायचा म्हणजे काय, हे तू कधी करून पाहिलं नाहीस.

मग तू खाण्याचा सोडा घालायला सांगितलास, रोज दोन चमचे. पीएच जागचा हलला नाही. क्षारता मात्र आठाची तेरा झाली आणि प्रवाळांची टोकं भाजल्यासारखी पांढरी पडली. तू फोनवर माझ्यावर खेकसलास. त्याच आठवड्यात बाबांच्या पाठीला जखम झाली होती, ते सांगायचं राहूनच गेलं.

शेवटी मी त्या टाकीवाल्या दुकानदाराला घरी बोलावलं. भला माणूस. सोडा बंद करायला लावला, थोडं थोडं पाणी बदलून क्षारता आठवर आणून दिली आणि मग मला नीट समजावलं. "बाई, क्षारता म्हणजे पाण्याची सोसायची ताकद. किती आम्ल पचवून पाणी ठिकाणावर राहील, ती. पीएच म्हणजे पाणी या घडीला कसं आहे, एवढंच. ताकद तुमच्या पाण्यात पुरेशी आहे, दुखणं हवेत आहे." खोली सदा बंद, श्वासांची कोंडलेली हवा पाण्यात मिसळते आणि तीच पीएच खाली ओढते. खिडकी उघडली की आपोआप चढेल. एवढं बोलून त्याने पलंगाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण राहू द्या. एवढ्या पीएचलाही प्रवाळ जगतात. आकड्यामागे धावू नका."

हे सगळं मी तुला शब्दन् शब्द सांगितलं. जगतात, हेही सांगितलं. तू म्हणालास, "नुसती जगायला नाही आणली मी ती. उघड खिडकी." बाहेर थंडी मरणाची होती. चाळीस वर्षं वेल्डिंगचा धूर गिळून बाबांच्या छातीची चाळण झालेली; वारा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेही मी तुला सांगितलं. "अजून एक ब्लँकेट घाल. चार दिवसांचा तर प्रश्न आहे," इति लाडोबा.

पहिल्या दिवशी सात पूर्णांक नऊ. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "खिडकी लाव गं, हाडं वाजताहेत." मी म्हटलं, "तुमच्या लाडोबाने सांगितलंय." त्यांनी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. तुझं नाव काढलं की ते कशालाही तयार असत, हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी ते काढलं. चौथ्या दिवशी आठ पूर्णांक दोन. तू फोनवर टाळ्या वाजवल्यास. बाबांना तेव्हा एकशे तीन ताप होता. सहाव्या दिवशी ते गेले.

मी खिडकी लावू शकत होते. कडी हाताच्या अंतरावर होती. पण बाबांचं सगळं करता करता तीन वर्षांत मी पार पिचून गेले होते, आणि तुझ्या शब्दाखातर बाबा कुठवर सोसतात ते मला एकदा बघायचं होतं. बघितलं.

तू आलास, चारचौघांत धाय मोकलून रडलास आणि सगळ्यांदेखत विचारलंस, "एवढ्या थंडीत खिडकी उघडी ठेवली कुणी?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुझं नाव काढलं नाही. आत्याने तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. आणि आता तू लिहितोस, "ताई, झालं ते झालं. मी तुला माफ केलंय. इकडे ये, आमच्याकडेच राहा." लाडोबा, तुझी माफी साभार परत. आज मी आत्याला हातापाया पडून बोलावून घेतलंय. समोरच्या खुर्चीत तोंड फिरवून बसली आहे. हे पत्र मी आधी तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, माझ्या वाट्याची एकही ओळ न गाळता, आणि मगच पाकिटात घालणार. आत्याच्या पोटात तीळ भिजत नाही, हे तुला माहीतच आहे. पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत साऱ्या गोतावळ्यात बभ्रा झालेला असेल. मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण या वेळी माझ्या शेजारी तू उभा असशील.

तुझीच,
ताई