बेचक्यासारखी गिटार आणि तुमची पेटी

बाबा, तुम्ही आणलेली गिटार अजून माझ्याकडे आहे, आणि ती घरात ठेवायची कुठे हे मला अजूनही कळलेलं नाही. भिंतीला टेकवली तर घसरते. पलंगाखाली सरकवली तर तिचा एक पंख बाहेर राहतो आणि केर काढताना हमखास पायाला लागतो. बदली होऊन इथे उमरखेडला आले तेव्हा ट्रकमध्ये सगळ्या सामानाला जागा मिळाली, हिला नाही. ती ड्रायव्हरशेजारी माझ्या मांडीवर बसून आली. परवा आमच्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी घरी आली होती. तिला अशीच दोन पंखांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे आणि तिची आई नको म्हणते. मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे इतकी वर्षं आहे, तुम्हीच फायदे-तोटे सांगा." मी पडले मास्तरीण. फळ्यावर रेघ मारून दोन बाजू कराव्यात तसं सगळं सांगितलं. ती गेल्यावर लक्षात आलं की एक तोटा मी गिळून टाकला. तुम्हाला तो ठाऊक आहे, तरी लिहिते आहे.

मी तुमच्याकडे गिटार मागितली होती ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहिली होती तशी, कमरेत बारीक, गोल पोटाची. तुम्ही नागपूरहून आलात ते खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यातून लाल रंगाची दोन टोकं बाहेर आली आणि आई पोळी तव्यावर तशीच ठेवून उठली. "अवो, हे काय आणलं? बेचकं हाय का?" तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, "दुकानदार म्हणे, अशी कोणी घेतच नाही. म्या म्हटलं, मंग आपल्यासाठीच टांगून ठेवली व्हय." माझा चेहरा पडला होता, तो तुम्ही पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलंत. रंग आपल्या झेंड्यासारखा निळा नाही एवढंच तुम्हाला खटकलं होतं. "पार्टी लोकायच्या ध्यानात राह्यली पाह्यजे, बाई," असं मला सांगून तुम्ही हातपाय धुवायला गेलात, आणि तव्यावरची पोळी तोवर जळून गेली होती.

पार्टी म्हणजे आपली गायन पार्टी. काका गाणार, शेजारचे मामा ढोलकीवर, तुम्ही पेटीवर. आधी गाणारे तुम्हीच होतात, हे मला आईनं सांगितलं. मी तुमचं गाणं फारसं ऐकलंच नाही. जिनिंगच्या कारखान्यात रुईच्या ढिगाशी काम करून छाती भरली, चार ओळी म्हटल्या की खोकला यायचा. मग तुम्ही गळा काकाला दिलात आणि स्वतः पेटी धरलीत. तुमचा भाता हलायला लागला की डोळे मिटायचे आणि ओठ हलायचे, आवाज मात्र पेटीतून यायचा. आणि वर्षं कोणती, तर कापसाचे वाईट दिवस. जिनिंग आज चालू, उद्या बंद. कापूस विकावा की ठेवावा कळत नसल्यामुळे लोकांच्या घरात तो छतापर्यंत भरलेला, पोरं त्यावरच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. भीमजयंतीची वर्गणी मागायला दारात जायची कार्यकर्त्यांनाच लाज वाटायची. जी गावं कार्यक्रम ठेवत होती ती म्हणत, आम्हाला ऑर्केस्ट्रा पाहिजे, पेटी-ढोलकी नको. पार्टी टिकायची तर काहीतरी नवं पाहिजे होतं. ते नवं म्हणजे मी आणि हे लाल बेचकं.

शिकवलंत तुम्हीच. घरात धड चालणारा प्लग एकच, तो स्वयंपाकघरात, म्हणून आपली शाळा चुलीशेजारी भरायची. तुम्ही पेटीवर एक सूर धरून ठेवायचात, मी तारांवर तो शोधायचा, सापडला की तुम्ही पुढच्या सुरावर जायचात. आई मधे बसून भाजी निवडायची आणि चुकलं की मान हलवायची. लाइट तर दिवसातून कितीदा जायची. लाइट गेली की माझी गिटार मुकी, नुसती डबा वाजवल्यासारखी टणटण. तुमची पेटी मात्र अंधारातही चालूच. तुम्ही हसून म्हणायचात, "पाह्य, मव्हा भाता बिल नाही मागत." आणि गिटार मांडीवर काही केल्या टिकेना. घसरायची, पंख पोटाला टोचायचे. मी रडकुंडीला येऊन म्हणाले की ही परत करा. तेव्हा एकदाच रागावलात. "ते उभं राहून वाजवाचं हाय, बसून कायले झगडून राह्यली त्याच्याशी?" मी म्हणाले, तुम्ही सगळे खाली सतरंजीवर बसणार आणि मी एकटी पोरगी वर उभी राहू, लोक काय म्हणतील. "बाप खाली बसला म्हून पोरीनं उभं राहू नये, हे कोन सांगतलं तुले?" त्यानंतर मी बसून कधी वाजवलं नाही. त्या मुलीला फायद्यांत मी हेच पहिलं सांगितलं, की ती बसू देत नाही.

आणि बाबा, फायदा झालाच. गावोगाव लोक काकाचं नाव विसरले, आपल्या पार्टीचं विसरले, पण "ते बेचकंवाली पोरगी आना" असे निरोप यायला लागले. एसटीत कंडक्टर विचारायचा, याचं तिकीट फुल काढू की हाफ? बाजारातून चालले तर म्हाताऱ्या बाया थांबवून पंखांना हात लावून पाहायच्या. मला ते आवडायला लागलं. आधी जिची लाज वाटत होती तिच्यामुळे मी चारचौघांत ताठ चालायला शिकले, आणि चालता चालता जरा जास्तच ताठ झाले. तुम्ही काकाला काही सुचवलंत की मी मधेच म्हणायची, आता तसं नाही चालत बाबा. तुम्ही गप्प बसायचात. ते गप्प बसणं म्हणजे हार असं मला वाटायचं. मुलगी वाढत होती म्हणून तुम्ही सरकून बसत होतात, हे मला आत्ता कळतं.

मग बाभुळगावकडचं ते गाव. त्या गावानं त्या वर्षी फार सोसलं होतं. कार्यकर्ता स्टेजमागे येऊन हात जोडून म्हणाला, "रडवनारे गाने नका घेऊ भाऊ. पोरायले नाचू द्या आज." म्हणजे गिटार जोरात पाहिजे. माझा छोटा स्पीकरचा डबा त्याच दिवशी बंद पडला, उंदरानं वायर कुरतडली होती. मंडपवाल्याच्या आवाजाच्या मशीनला तीनच जागा होत्या: एक काकाच्या माइकची, एक ढोलकीची, एक पेटीची. त्यानं मला विचारलं, "ताई, कोनता काढू? ढोलकीचा का पेटीचा?" तुम्ही माझ्या पाठीशी बसला होतात, पेटीवरचं कापड झटकत. मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं, पण कापड झटकल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी म्हणाले, "पेटीचा काढा. पेटी कोण ऐकतं आता?" कापडाचा आवाज थांबला. मंडपवाला वाकण्याआधी तुम्हीच उठलात, तुमच्यापुढचा माइक स्टँडसकट बाजूला नेलात, वायर नीट गुंडाळलीत आणि त्याच्या हातात दिलीत. मग येऊन पेटीसमोर बसलात आणि सगळा कार्यक्रम वाजवलात. एक गाणं सोडलं नाहीत. भाता हलत होता, डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही काही ऐकू येत नव्हतं. मी मनात म्हणत होते, एकदा लाइट जाऊ दे. रोज जाते, आज जाऊ दे, म्हणजे यांची पेटी ऐकू येईल. नेमकी त्या दिवशी लाइट गेली नाही.

परत येताना पेटी एसटीच्या टपावर बांधली आणि गिटार तुम्ही मांडीवर घेतलीत, कारण ती दुसरीकडे कुठे ठेवता येत नव्हती. खड्डा आला की तुम्ही तिचा पंख तळहातानं झाकायचात. मी खिडकीबाहेर पाहत बसले. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

आठवड्यानं मंडपवाल्यानं कार्यक्रमाची कॅसेट आणून दिली, आणि आईनं ती स्वयंपाकघरातच लावली. मी दारात उभी होते. कॅसेट मशीनवरून भरलेली, म्हणजे जे मशीनला जोडलं होतं तेवढंच तिच्यात. काकाचा गळा, ढोलकी, आणि सगळ्यांच्या वर माझी गिटार. तुम्ही जेवत होतात. उजव्या हातात घास आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती, पेटी जिथे जिथे यायला पाहिजे होती तिथे तिथे. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुमची पेटी काहून नाही येत वो ऐकू?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "स्वस्तातली कॅसेट हाय. बारीक आवाज नाही धरत ते," म्हणालात आणि वरण मागून घेतलंत. तेव्हाच तुमचे पाय धरायला हवे होते. मी पाणी भरायला निघून गेले. पुढच्या थंडीत तुमची छाती पुन्हा भरली आणि ती मोकळी झालीच नाही. दवाखान्यात तुमच्याजवळ कितीदा एकटी बसले, बोलायला वेळ पुष्कळ होता. मी तुम्हाला मोसंबी सोलून देत राहिले.

पेटी घाटंजीच्या बुद्धविहारात दिली आहे. वंदनेला एक रिटायर झालेले मास्तर वाजवतात. तिथे कार्यक्रमाला मी गेले की मंडपवाल्याला सांगते, पहिला माइक पेटीला लाव. तो विचारतो काहून, तर मी म्हणते, पेटीचा आवाज बारीक असतो. तुमचंच कारण मी वापरते. त्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं, तर ही गिटार जागा फार खाते, आणि ती जागा कुणाला तरी उठवून घ्यावी लागते. पण मी म्हणाले, घे गं, आईला मी समजावते.

हे पत्र पाठवायचं कुठे? आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ आहे ना, दुकानातली कुठलीच बसत नव्हती म्हणून शिवलेली, तिच्या एका पंखात घालून ठेवते. पण घालण्याआधी एक सांगायचं आहे. त्या कॅसेटमध्ये तुम्ही आहात. दोन गाण्यांच्या मधे, काकाच्या माइकनं पकडलेलं तुमचं एक वाक्य आहे, अगदी हळू: "बाई, वरची तार उतरली, चढवून घे." तुमची पेटी कुणी ऐकत नव्हतं आणि तुम्ही माझी तार ऐकत होतात. मी ती चढवते, पुढचं गाणं सुरू होतं, लोक शिट्ट्या मारतात. घरात सगळ्यांना वाटतं, मी ती कॅसेट तुमच्या त्या वाक्यासाठी जपली आहे. तुमची नातवंडं, नवी माणसं घरी आली की, कौतुकानं सांगतात. तसं नाही, बाबा. त्या संध्याकाळी वाजवलं तसं मला पुन्हा कधी वाजवता आलं नाही, आणि तेवढा आनंदही पुन्हा कधी झाला नाही. मी कॅसेट लावते ती माझी गिटार ऐकायला. तुमचं वाक्य मधे येतं.