कॉम्प्युटरवरची फुलं

रविवार, ४ मे

मेला! कॉम्प्युटर मेला. आणि मारला तो मीच.

आज मुलांचा रविवार. चर्चमध्ये सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत उभी राहून वचनं म्हणत होती. शेजारच्या कालोलैनेची नात मधेच विसरली आणि भोकाड पसरलं तिने. सगळ्यांत खरं तेवढंच वाटलं मला.

घरी आले. अंगणातल्या खड्ड्यातल्या भट्टीवरची माती ओढली, एकटीपुरतं काढून जेवले. मग नेहमीसारखी कॉम्प्युटरपुढे बसायला गेले. मी कळ दाबली की ऑकलंडहून मुलगा फोलाऊ दिसतो, सिडनीहून लेक विका. दर रविवारी. तर आज चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली चटई सोडायच्या आधीच वळले, तिची कड कॉम्प्युटरच्या खोक्यावरच्या फुलांच्या बरणीला लागली आणि बरणी आडवी!

खोक्यावर फुलांची बरणी कशाला ठेवली, असं फोलाऊ म्हणेल. अरे, बायबलापुढे फुलं, तुझ्या बापाच्या फोटोपुढे फुलं. घरात जे मानाचं त्याला फुलं. मग यालाच का नको? बेटावरच्या आमच्या अख्ख्या गावात असंच आहे.

पाणी वरच्या जाळीतून आत. फट् झालं. पडदा काळा.

माझी शिवी ऐकून कालोलैने कुंपणावरून आलीच. "अगं लोसा, हात लावू नकोस! आज रविवार, कामाला बंदी."

"वायर उपटणं म्हणजे काम का गं?"

"स्क्रू फिरवणं काम. पुसणं पण कामच."

"आणि कोणी बुडत असलं तर?"

"माणूस असला तर काढायचं. हे खोकं आहे."

तरी वायर उपटली. देवाने बघितलं असेल तर बघू दे. बाकी तसंच ठेवलं. दुपारभर आतून टिपटिप. खाली वाडगा ठेवला. वाडगा ठेवणं कामात धरत नाहीत, मीच ठरवलं.

सोमवार, ५ मे

उजाडताच उघडला. आत पाकळ्या, मुंग्या आणि एक वाळलेली पाल. पाल माझ्या पाण्याने नाही मेली, जुनी होती.

चटईसाठी केवड्याची पानं वाळत घातलीत, त्यांच्या शेजारीच खोकं उन्हात ठेवलं. कालोलैने म्हणते, "आधी पिळून घ्यायचं ना!" स्वतःच हसली. तिच्या घरात अकरा माणसं, तरी हसायला माझ्याकडे येते.

बुधवार, ७ मे

वायर लावली. ढिम्म हलेना. दिवासुद्धा नाही.

माकाला बोलावलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणून त्याला वाटतं जगात जे जे बंद पडतं ते त्याचंच. म्हणाला, "काकू, इंजिनात समुद्राचं पाणी शिरलं ना, की आम्ही गोड्या पाण्याने धुतो."

"आणखी पाणी? बुडालेल्याला पेला भरून देतोस होय रे?"

मग आतली वीज घेणारी पेटी हुंगली त्याने. मलाही हुंगवली. जळकी. रविवारीच पुसून काढलं असतं तर वाचलीही असती, म्हणाला. रविवारी पुसायला तू तरी आला असतास का, म्हटलं.

शाळेच्या अडगळीत जुने कॉम्प्युटर पडलेत, त्यातली पेटी आणतो म्हणाला. मी बजावलं, रविवारच्या आत! येता रविवार आयांचा. पोरं हाक मारणार आणि इथे काळा पडदा. घाबरतील.

"काही हरवत नाही, काकू. चालू झाला की कोणी कोणी हाक मारली ते सगळं दिसतं."

असं असतं होय. बरं वाटलं. त्याला सांगितलं नाही.

शनिवार, १० मे

माका आला नाही. समुद्र शांत आहे. मासे धरायला गेला असेल गाढव.

रविवार, ११ मे

आयांचा रविवार. आज वचनं आम्ही म्हाताऱ्यांनी म्हणायची. मी विसरले नाही, भोकाडही पसरलं नाही.

मग माळा, पोरं आपापल्या आयांना घालतात त्या. कालोलैनेच्या गळ्यात इतक्या पडल्या की नाकापर्यंत फुलं. शिंकत होती. माझ्या गळ्यात पाळकीणबाईंनी एक घातली. त्या कोणाला घालतात ते मला ठाऊक आहे.

"मला दोन पोरं आहेत," म्हटलं.

"हो हो, लोसालीने. माहीत आहे ना."

दुपारी खोक्यासमोर बसले. या वेळी हाका मारत असतील. फोलाऊ चिडत असेल, विका रडत असेल. ती मांजर मेलं तरी रडायची. त्यांनी दुकानात तरी फोन केला असता, पण रविवारी दुकान बंद.

माळ काढून म्हाताऱ्याच्या फोटोला घातली. त्याला काय, तो नाही म्हणत नाही.

सोमवार, १२ मे

मीठ आणायला दुकानात गेले. "माझा कोणाचा फोन?" "नाही हो."

नंबर हरवला असेल त्यांच्याकडून.

घरी मीठ होतं.

बुधवार, १४ मे

माका आला! पेटी घेऊन आणि तोंड वर करून. नवी पेटी जोडली. पंखा फिरला! मी टाळी वाजवली, लाज वाटली. पण पडदा काळाच, आणि आतून तो टूं टूं ओरडायला लागला.

"ओरडतोय म्हणजे जिवंत आहे," माका म्हणाला.

आतून बोटाएवढ्या रुंद दोन पट्ट्या उपसल्या. त्यांच्या दातांवर हिरवं चढलेलं. शाळेतलं खोडरबर आणलं होतं, त्याने घासायचं म्हणे. माकाच्या हाताला वंगण, म्हणून मीच घासत बसले. पितळी भांड्यासारखे दात चमकवले. उद्या परत बसवू म्हणाला, आज भरतीची वेळ झाली.

उद्या कळेल. कोणी किती वेळा.

गुरुवार, १५ मे

चालू झाला.

माकाला अळूच्या पानातलं मांस बांधून दिलं. तो म्हणतो, "बघा की काकू, किती हाका आल्यात!" म्हटलं, "तू जा. जेवण निवतंय."

तो गेल्यावर बघितलं. एकही नाही. पडद्यावर खाली खाली सरकत मागचं बघितलं. पार नाताळापर्यंत. सगळ्या हाका मीच मारलेल्या.

कालोलैने कुंपणावरून ओरडली, "किती हाका गं, लोसा?"

"मोजून मोजून डोळे दुखले!"

हाक मारायची कळ दाबायला बोट गेलं होतं. काढून घेतलं.

बरणीत पाणी भरलं, काठोकाठ. ताजी फुलं घातली. खोक्यावर ठेवली, होती तिथेच.