भिंतीवरचा निरोगी मेंदू

३ ऑक्टोबर १९९४
सकाळी स्कॅन सेंटर उघडलं, दिवे लावले — आणि अरविंद उजळला. रिसेप्शनच्या भिंतीवर, काचेमागे. त्याचं डोकं, बारा चौकटींत. खाली इंग्रजीत पाटी: निरोगी मेंदू.

फेब्रुवारीत एमआरआयचं मशीन बसलं, तेव्हा टेस्टसाठी माणूस हवा होता. वॉचमन 'नक्को मॅडम' म्हणत पळालाच! मग मी नवऱ्यालाच इथे तारनाक्याला, सेंटरवर बोलावून आत झोपवलं. माईकवरून मी दटावत होते — हलू नकोस! फिल्म इतकी स्वच्छ आली की मालकांनी तीच पेशंटना दाखवायला भिंतीवर लावली. टेस्टच्या फिल्मचा रिपोर्ट कुणी लिहीत नाही. मीही मागितला नाही.

जूनमध्ये तो घरी मोरीच्या दारात कोसळला, तिथेच गेला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

५ ऑक्टोबर
मशीन बंद असलं तरी आतला पंप धडधडत राहतो. आता तो मला कुकटपल्लीच्या घरातही ऐकू येतो. हलू नकोस, म्हटलं होतं मी.

८ ऑक्टोबर
दिलसुखनगरच्या जयवंताबाई मंगळसूत्र काढेनात. आत धातू चालत नाही, सांगून घसा बसला. शेवटी हळकुंड दोऱ्यात ओवून गळ्यात बांधलं, तेव्हा कुठे तयार झाल्या. असे दोरे माझ्या खणात असतातच. मला स्वतःला हल्ली आत जाताना काही काढावं लागत नाही.

निघताना भिंतीकडे बघून म्हणाल्या, "कुनाचं डोस्कं हाय बाई हे? नशीबवान मानूस."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

११ ऑक्टोबर
फिल्म उतरवून नीट बघायची, रोज ठरवते. तेव्हाच त्यात काही होतं का? असलं तर माझ्या हाताने काढलेलं, आणि मीच भिंतीवर लावू दिलेलं. आजही नाही बघितली. भित्री आहे मी.

१७ ऑक्टोबर
नवे डॉक्टर रुजू झाले, मिलिंद नाव, पुण्याचे. आजवर फिल्म वाचायला बाहेर जायच्या, आता इथेच वाचणार. त्यांना अरविंदचं काही माहीत नाही. जाता जाता भिंतीपाशी थांबले. बराच वेळ थांबले. मी खणातले दोरे आवरत बसले.

१८ ऑक्टोबर
आल्या आल्या त्यांनी फिल्म उतरवायला लावली. सातव्या चौकटीतल्या काळ्या ठिपक्यावर पेन टेकवलं.

"ताई, हे कोण आहेत? आजच्या आज बोलावून घ्या. अजून वेळ आहे."