जामीन, नग दहा

७ एप्रिल २००३, जालना
गोजरे, मी कोण ते आधी सांगते. तू चष्मा कपाळावर चढवून घरभर हुडकणारी, बहिणीलाबी इसरायचीस. मी जयवंता, तुझी थोरली. आजच राजूरहून नातीच्या, कौसल्याच्या सोबतीला आले. खोली बेस हाय, नळ दाराशीच. मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी बोलते आन कौसी कॉम्प्युटरवर उतरवते. तुझी सून वाचून दाखवील.

कौसीला घरबसल्या नोकरी लागली. डॉक्टर लोक रोग्याचा हाल यंत्रात बोलून ठेवतात. हिनं हेडफोन लावून ऐकायचं आन टाइप करायचं. खाली शिलाई मशीनवानी पायडल. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप. मी म्हणलं, असलं पायडल नवऱ्यांना बसवायला पाह्यजे. हे टाइप करायला कौसी लाजून राह्यली.

१० एप्रिल
कंपनीचा माणूस आल्ता, काकासाहेब. लई गोड बोलणारा. सामान बिलकुल फुकट, फक्त कागदावर अंगठा पाह्यजे म्हणला. कौसी आत चहा करत व्हती. त्यानं मला विचारलं, जमीन हाय का. म्हणलं, हाय की. किती? दहा. कुणाच्या नावावर? कौसीच्या. गुंठेच हायेत, पर काळीभोर, असंबी सांगणार व्हते, तवर त्यानं लिहून माझा अंगठा टेकवलाबी.

२४ एप्रिल
पगाराच्या जागी पावती आली. हेडफोनचं भाडं, पायडलचं भाडं, कीबोर्डची झीज. तीनशे पानं टाइप करून उलटं आपल्याकडंच देणं निघालं. कौसी म्हणली, हे आधी सांगितलं न्हाई. काकासाहेब म्हणला, तुम्ही इचारलं न्हाई. बाकी जामिनातून वळती करतो. मी म्हणलं, जमीन विकायची न्हाई. तवा त्यानं माझ्या अंगठ्याचा कागद कौसीम्होरं धरला. तिनं वाचला आन पांढरी पडली.
"आजी, जमीन न्हाई गं. जामीन लिवलंय. कौसल्या, नग दहा."
दहा कशाचे, ते काकासाहेबानं सांगितलं न्हाई. तिच्या हातांकडं बघत चहा पिला.

२५ एप्रिल
आज डॉक्टर इंग्रजीत जे बोलला, ते कौसीनं मला मराठीत सांगितलं. बाई, वय बावीस, डाव्या हाताची करंगळी मुळातून तुटलेली. कौसी बावीसची. आम्ही दोघी हसलो, जरा जास्तच. दुपारी ती टेबलफॅन फिरवायला गेली. जाळी मी सकाळीच पुसून घट्ट बसवल्ती. तरी निसटली. करंगळी भिंतीला जाऊन चिकटली, गोजरे. भुईवर पडली तरी वळवळत व्हती.

२७ एप्रिल
सकाळी डॉक्टर बोलला, उजवी करंगळी, लोखंडी दार. राजूरला पळून यायला निघालो. तिचा उजवा हात ओढणीत गुंडाळून पोटाशी बांधला. एसटीत चढताना तिचा तोल गेला, गाठ सुटली, कंडक्टरनं दार ओढलं. बोट खाली पडलं. कुत्र्यानं उचललं.
दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तोंड उघडलं आन कौसी किंचाळत बाहेर पळाली. हेडफोनमधला आवाज त्याचाच.

२९ एप्रिल
राजूरला जाणं राह्यलं, खोलीवरच परतलो. काल पायडल हिरीत टाकलं. आज टेबलाखाली हाय. वल्लं. पाय न लावता डॉक्टर बोलून राह्यला.

१ मे
काकासाहेब आला. मी म्हणलं, कौसीची सोड, माझी दहा घे. म्हणला, "आजी, तुमची झिजलेली. कंपनीला चालती बोटं लागतात."
तो पावती लिहायला वाकला. मी वरवंटा टाळूत घातला. मंग अजून पाच वेळा. दात फरशीवर शेंगदाण्यासारखे उडाले. गोजरे, तू म्हणायचीस माझ्या हातात जोर न्हाई—

३ मे
नवा माणूस आला. नाव येगळं, शर्ट तोच. टाळू चेपलेली. पावतीवर नवा खर्चा, आमचा माणूस मोडला त्याची भरपाई, नग पाच. संगं अडकित्ता आणल्ता. मी कौसीला मिठीत धरलं तरी— मिठीतच—
पाच वेळा आवाज. सुपारीवानी.

४ मे
तीन राह्यली. कौसी म्हणती, आजी, हळू बोल. एक एक अक्षर हुडकावं लागतं—

५ मे
दोन. डॉक्टर गप बसंना. कौसी रडंना आता—

६ मे
एकच. त्याच बोटानं हे. दारात चपला वाजल्या—
गोजरे, भाकरी धाडू नको. मोडायला बोटं लागतात. आंबील धाड. पातळ. नुसतं तोंड लावून पिता यील अश—