बनियनचा वास

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भुऱ्या दाजींना दुसऱ्यांदा चावला, मनगट फाडलं, टाके पडले, हे वाचून हातातला पाव खाली पडला. आता पुन्हा चावला तर फावड्याने डोकं फोडतो म्हणाले, ते फोडतीलच. दाजी बोलले की करतात. मला नोकरी लावतो म्हणाले आणि लगेच लावली. म्हणून तर जास्त भीती वाटते.

पण रडत बसू नकोस. तुझा भाऊ कुत्र्यांच्याच वसतिगृहात कामाला आहे. लोक बाहेर जाताना कुत्री इथे ठेवतात, मी पिंजरे धुतो. काल दोन दांडगे एकमेकांत अडकले, एकाचा कान तुटून फरशीवर पडला. मी मध्ये गेलो तर दुसऱ्याने माझी मांडीच धरली. तोंडावर पाण्याचा पाइप सोडला तेव्हा सुटला. बूट रक्ताने भरला होता. लंगडतोय, पण मजेत आहे.

आता नीट वाच. इथल्या मॅडम कुत्र्यांना मारत नाहीत, हुंगायला लावतात. जुना टॉवेल घ्यायचा, त्यात उकडलेल्या चिकनचे बारके तुकडे टाकून गुंडाळी करायची आणि पुढ्यात टाकायची. नाहीतर खोक्यात कागदाचे बोळे भरायचे आणि खाऊ तळाशी. नाक कामाला लागलं की डोकं थंड होतं. गज चावणारं कुत्रं घटकाभर हुंगतं आणि दिवसभर हमाली केल्यासारखं झोपतं. भुऱ्यासाठी टॉवेलऐवजी दाजींचं न धुतलेलं बनियन घे, गॅरेजच्या ग्रीसचा वास असलेलं. दाजींचा वास आला म्हणजे खाऊ आला, हे एकदा नाकात बसलं की तो त्यांच्यावर दात काढणार नाही.

एक कळत नाही. तुला नाही, शेजारच्या पोरांना नाही, दूधवाल्याला नाही, दाजींनाच का चावतो? कधीतरी लाथ घातली असेल. विचारू मात्र नकोस, उगाच चिडतील.

माया आहे तेवढी असू दे, थोडी वाढवलीस तर मांडीला बरं वाटेल.

तुझा
धांदल्या


ता. १२ मार्च

चि. धांदल्यास,
अ. उ. आ.

मांडीला डॉक्टरचं औषध लाव. नुसती हळद दाबून कामाला पळाला असशील, मी काय ओळखत नाही तुला?

तुझा टॉवेलचा खेळ केला. भुऱ्याला वेडच लागलं. खोक्यात तोंड खुपसतो, शिंकतो, पुन्हा खुपसतो. शेपटीने चहाचा कप उडवला. मी किती दिवसांनी हसले. मी इस्त्री करते त्या लाँड्रीच्या काकूंना सांगितलं, तर त्यांनी रिकाम्या खोक्यांचा ढीगच दिला. वर म्हणाल्या, तुझ्या भावाला म्हणावं माणसांसाठीही असा एखादा खेळ शोध.

बनियनचं मात्र जमलं नाही. वास आल्याबरोबर त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. खाऊकडे बघितलंसुद्धा नाही. बनियन धरलं आणि उंदीर झटकावा तसं झटकून झटकून त्याच्या चिंध्या केल्या. मला बघवेना. एक विचारते. नुसता हुंगायचा खेळ पुरणार नाही का? ह्यांच्या वासाचं नको वाटतं मला. का ते सांगता येत नाही.

हे बरे आहेत. फावडं दाराशी आणून ठेवलंय. अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे, बोटं दारात चेमटली.

कोणाशी मारामारी करू नकोस. माझ्या आशीर्वादाची तेवढी तरी लाज राख.

तुझी
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मारामारी करू नकोस लिहिलंस, पण उशीर झाला. इथल्या स्वयंपाक्याने एका म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगावर उकळतं पाणी फेकलं. मी त्याचं तोंड सिंकवर आपटलं. पुढचे दात गेले त्याचे. मॅडमनी बजावलं की पुन्हा माणसावर हात टाकलास तर सामान उचल.

नको वाटतं म्हणजे काय ताई? परवा एका घरातून कुत्रा आणला, मालकाला चावलेला. मालकाने मॅडमचं काही ऐकलं नाही, डॉक्टर बोलावून त्याला कायमचं झोपवायची सुई द्यायला लावली. डोकं मी धरलं होतं. सुई आत जाताना तो माझा अंगठा चाटत होता. ही तर सुई होती. तुझ्याकडे फावडं आहे.

म्हणून हट्टाने कर. त्याच चिंध्या वापर. आधी खोक्यापासून लांब टाक, रोज थोड्या जवळ आण, मग खाऊ त्यातच गुंडाळ. शेवटी दाजींनाच स्वतःच्या हाताने भरवायला सांग. अर्धवट सोडलंस तर भुऱ्या मेला समज.

रागावून लिहिलंय. राग सोड आणि माया ठेव.

तुझा
धांदल्या


ता. १४ एप्रिल

चि. धांदल्यास,
अ. उ. आ.

झालं तुझ्या मनासारखं. ह्यांच्या मोटरसायकलचा आवाज आला की भुऱ्या दाराकडे पळतो. ह्यांच्या हातून खातो, पायावर डोकं ठेवून झोपतो. फावडं मागच्या अंगणात गेलं. मेहुण्याने जादू केली म्हणून हे गॅरेजभर सांगत असतात. भुऱ्याचा जीव वाचला, तो तुझ्यामुळे.

घर फार शांत झालंय. आता मध्ये कोणी येत नाही.

जिथे असशील तिथे सुखात राहा.

तुझी
ताई


ता. २ मे

चि. धांदल्यास,
अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, उजवा प्लास्टरमध्ये आहे. तुझं आनंदाचं पत्र मिळालं होतं. त्याला उत्तर द्यायचा धीर झाला नाही.

भुऱ्या ह्यांनाच का चावतो असं तू विचारलं होतंस. पहिल्यांदा माझे केस ह्यांच्या मुठीत होते आणि डोकं भिंतीवर आपटत होतं. दुसऱ्यांदा गळा दाबला होता. भुऱ्याने ते मनगट धरलं नसतं तर हे पत्र लिहायला मी नसते. तुला सांगितलं नाही, कारण तू सुरा घेऊन निघाला असतास आणि तुरुंगात सडला असतास. राहिला भुऱ्या. त्याचा जीव की माझी पाठ, एवढंच ठरवायचं होतं. मी त्याचा जीव निवडला आणि तू सांगितलंस तसं शिकवलं.

रविवारी ह्यांनी पट्टा काढला. बकलाच्या बाजूने मारत होते. मी ओरडले तसा भुऱ्या धावत आला. बनियनला नाक लावलं, शेपटी हलवली आणि खाऊसाठी समोर शहाण्यासारखा बसला. हे हसले. हसत हसत खिशातून बिस्किट काढून त्याला भरवलं आणि पुन्हा पट्टा उचलला.

त्या हसण्याने मला काय झालं कोण जाणे. खाली हत्यारांची पिशवी उघडी होती, मोठा पाना हाताला लागला. तो ह्यांच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. पडता पडता त्याने माझा हात पिरगळून मोडला. मग पाना दुसऱ्या हातात घेतला आणि त्याच गुडघ्यावर पुन्हा घातला.

भुऱ्या यायला तयार नव्हता. कण्हणाऱ्या माणसाचं तोंड चाटत बसला होता. त्याला दोरीने फरफटत आणलं. काकूंच्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत आहोत. पोलिसांत तक्रार काकूंनीच लिहून दिली. तो दवाखान्यात आहे. उभा राहिलो की येतो, असा निरोप पाठवलाय.

भुऱ्या दाराच्या फटीला नाक लावून त्याची वाट बघतो. शिकवलेलं काढता येतं का, मॅडमना विचार. तू मात्र येऊ नकोस. हात जोडता येत नाहीत, जोडले असं समज.

तुझी
ताई


ता. ९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पिंजऱ्याचं दार लाथेने उखडलं. सुरा पिशवीत टाकलाच होता. बरोबरच्या पोरांनी मला फरशीवर पाडून धरलं, त्यात एकाचं नाक माझ्या कोपराने फुटलं. सगळी कुत्री बोंबलत होती. मॅडमनी पिशवी उलटी केली, सुरा काढून घेतला आणि पिशवी परत दिली. मग मला जाळीशी बसवून सगळं ऐकून घेतलं.

तुझं विचारलं. नाकात बसलेला वास पुसता येत नाही म्हणाल्या. म्हणजे तो दारात आला तर भुऱ्या शेपटीच हलवणार. त्याच्या भरवशावर राहू नकोस, आणि त्याच्यावर चिडूही नकोस. मला तरी त्या माणसाने वेगळं काय केलं? नोकरी लावली आणि मी दाजी दाजी करत राहिलो. बोटं दारात चेमटली लिहिलंस. वाचलं, आणि पुढच्या ओळीवर गेलो.

तू नको म्हणालीस तरी येतोय, उद्याच्या गाडीने. सुरा आणत नाही. मी तुरुंगात बसलो तर तुझ्या दाराशी कोण बसणार? तू वर झोप, मी जिन्याच्या खालच्या पायरीशी अंथरूण टाकीन. कुबडी टेकत आला तर भुऱ्याला हवं तेवढं नाचू दे त्याच्याभोवती. पण वर जायला त्याला माझ्या अंगावरून जावं लागेल.

या वेळी मायेचं काही मागत नाही. मी पोचेपर्यंत कडी लावून ठेव.

तुझा भाऊ