गुणीची झूल

अहो,

तुमचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडानं घेतलं नाही, आता कागदावर तरी कशाला घेऊ? कुणाला लिहिलंय ते तुम्हाला कळेलच. अक्षर बघून हसाल. आपल्या दामूच्या पाटीवर बघून बघून मी अक्षरं गिरवायचे तेव्हाही हसायचात. "अक्षरं वाचून धार काढणार हायस काय?" म्हणायचात. अक्षरांनी धार कधी निघाली नाही, ते खरंच. पण तुमच्याशी बोलायला आता दुसरी वाट राहिलेली नाही.

आजच लिहायला बसले, कारण उद्या सकाळी आपल्या गल्लीत साहेब येणार आहे. जनावरं बघायला. यंदाही पावसानं तोंड फिरवलं. कडबा मिळंना झालाय, नदीचा काठ तासून काढल्यागत भुंडा दिसतो, आणि पेंड कुठं दिसली तर देवाचं दर्शन झाल्यागत माणसं उभी राहतात. सरकारचं गवत येणार म्हणे. ज्यांची जनावरं जास्त हलाखीत, त्यांना आधी. ते साहेब डोळ्यांनी बघून ठरवणार.

तर मघाशी सूनबाईनं ट्रंक उघडली आणि झूल हातात धरून मला विचारते, "आत्याबाई, उद्या साहेब यायचा हाय. काळीवर घालायची न्हवं?"

मी झूल तिच्या हातातून घेतली. उंबऱ्यावर बसले ती तशीच बसले.

काळी कोण, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गुणीची लेक. तुम्ही गेलात तेव्हा गाभण होती. आता व्यालीय, रेडीच झाली. शिंगं आईवर गेलीत, पार पाठीपर्यंत. तुम्ही असतात तर गल्लीभर सांगत सुटला असतात. दावणीला आता ती एकटीच आहे. कधीकाळी आपल्या गोठ्यात पाय ठेवायला जागा नसायची, आठवतं?

आणि तो पहिला साहेब आठवतो का?

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आधी अडचण आली तर कुणाच्या दारात जाऊन पटका काढायचा हे तुम्हाला ठाऊक होतं. मग कचेरी बदलली, माणसं बदलली, आणि कुणाला काय म्हणायचं तेच कळेना. त्या साली असाच पाऊस पडला नाही, आणि तुम्ही गोठ्याच्या छपराचं जुनं गवत उपसून म्हशींपुढं टाकलंत. काळंठिक्कर, धुराचं. गुणीनं हुंगलं आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तिला म्हणालात, "खा गं बाई, सासरी सगळं गोड मानून खावं लागतंय." आणि ती खायला लागली. मी आत जाऊन रडले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग दवंडी झाली, साहेब जनावरं बघायला येतोय, गवत देणार आहे. आणि तुम्ही काय केलंत?

पहाटेच म्हशी नदीवर नेल्यात. डोहात उरलेल्या पाण्यात एकेकीला घासलीत. अंगावरचे केस भादरून नक्षी काढलीत. दिव्याला ठेवलेलं तेल शिंगांना चोपडलंत. गळ्यात कवड्यांच्या माळा घातल्यात. मी म्हणाले, "अहो, साहेब उपाशी जनावरं बघायला येतोय, दिवाळी-पाडव्याची म्हशींची मिरवणूक न्हाय." तर माझ्यावरच डाफरलात. "गोठ्यात पावणा येतोय. त्याला घाणेरडी म्हस दाखवू व्हय? गवळ्याची जात हाय आपली."

शेवटी बाकीच्यांच्या पाठीवर रंगीत कापडं, आणि गुणीवर झूल. माझ्या लग्नातल्या शालूचे काठ लावून मीच शिवलेली. पाठीवरनं दोन्ही बाजूंना पोटापर्यंत येणारी. बरगड्या दिसतच नव्हत्या.

तुमचं एकट्याचं काय म्हणून बोलू? सगळी गल्लीच तशी सजली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या हेच अंगात मुरलेलं, की परक्या माणसापुढं म्हस आणायची तर नवरी आणल्यागत आणायची.

साहेब आला. माणूस वाईट नव्हता, देवाशपथ. घामानं भिजलेला, टोपीनं वारा घेत होता. तुम्ही त्याला घोंगडीवर बसवलंत आणि गुणीखाली बसून पेला भरलात. ती आटत आली होती. सकाळपासून तिच्या रेडीला, ह्या काळीलाच, तोंड लावू दिलं नव्हतंत, ते कशासाठी हे मला तेव्हा कळलं. पेल्यावर फेस आला, त्याच्या मिशीला लागला.

"वा, जनावरं काय राखलीत हो," तो म्हणाला. "पूर्वेकडच्या गावांतून हिंडतोय, नुसते सांगाडे बघितले. इथं आलो आणि जिवाला बरं वाटलं."

तुमची छाती अशी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटते का काय वाटलं मला.

शेजारचा बाबू तेवढा बोलला. "सायेब, वरनं बगू नका. पोटात कायबी न्हाय ह्यांच्या."

साहेब हसला. "पोटात काही नाही, तर मग हे दूध कुठून आलं?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी दाराआडून म्हणाले, "झूल उचलून दाखवा की." हळूच म्हणाले, पण तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही आत आलात आणि दबक्या आवाजात म्हणालात, "पावण्यापुढं घरच्या लेकीला उघडी करू व्हय?"

मी चुलीकडं वळले. तुमचं चुकलं म्हणावं, तर तुम्ही काही खोटं केलं नव्हतंत. साहेबाचं चुकलं म्हणावं, तर त्यानं डोळ्यांना दिसलं ते बघितलं. गवताचे गठ्ठे स्टेशनात उतरले आणि गाड्या भरून पूर्वेला गेले. तिकडची जनावरंही जगायलाच हवी होती ना? आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या बघितल्या. वाऱ्यानं एक काडी उडून आली, ती तुम्ही उचललीत, हुंगलीत आणि खिशात ठेवलीत.

त्यानंतर म्हशी एकेक करून गेल्या. कुठली बाजारात, कुठली दावणीलाच. गुणी आणि तिची रेडी राहिली, तेव्हा तुम्ही मलकापूरला माझ्या भावाकडं निघालात. तिकडं डोंगरात थोडंफार गवत होतं. निघताना तिच्यावर झूल घातलीत. म्हटलं, उन्हातान्हात हे ओझं कशाला? "रस्त्यावरची गावं मला ओळखत्यात," म्हणालात.

परत आलात ते एकटेच. रेडी भावाकडं पोचवून. झूल घडी करून खांद्यावर होती. मी पाणी दिलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पन्हाळ्याच्या पायथ्याला बसली."

मीही पुढं विचारलं नाही. बसलेली म्हस म्हणजे काय, हे गवळ्याच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही.

पुढं डोंगरातनं काळी परत आली, वाढली. पण पाडवा आला की तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहायचात. बाहेर म्हशी पळायच्या, हलग्या वाजायच्या. दामू म्हणायचा, "आबा, काळीला काढू या की." तुम्ही घोंगडी डोक्यावरनं ओढून घ्यायचात. मला राग यायचा. मेलेल्या म्हशीसाठी जित्या पोराचा सण का नासवायचा, असं वाटायचं.

मग तुम्ही गेलात, आणि बाराव्याला एक गाडीवान आला. मी ओळखलं नाही. म्हणाला, "मी त्या दिवशी तितं हुतो, वैनी." त्यानंच सांगितलं सगळं. गुणी बसली तेव्हा त्यानं गाडी थांबवली. आपल्या बैलांचं पाणी तिला पाजलं. तिचा श्वास चढलेला बघून तुम्हाला म्हणाला, "पावणं, झूल काढा. वारं लागू द्या तिला."

आणि तुम्ही म्हणालात, "रस्त्यानं माणसं जात्यात."

तिचा जीव जाईतोवर तुम्ही तिथं उन्हात बसलात. शेपटीखालचं, पोटावरचं कापड सारखं करत. गाडीवान सांगत होता आणि मला तुमचे हात दिसत होते.

का हो असं? झूल काढली असती तर वाचली असती का? नसती. मला ठाऊक आहे, नसती. पण एवढं सगळं तुम्ही पोटात ठेवून माझ्या शेजारी बसून भाकरी खात होतात, याचंच मला वाईट वाटतं. मला सांगायचं होतंत. मी काय साहेब होते?

आता उद्याचं काय करू, सांगा.

दामू म्हणतो, झूल तर नकोच, उलट काळीला शेणात लोळवू या. बाबूनं तर मागचं ध्यानात ठेवून कधीची म्हस धुतलेलीच नाही. काल सांगत होता, "वैनी, माझी म्हस बगून सायेब रडंल." मी म्हटलं, "सायेब कशाला, तुझी म्हसच रडंल." हसला मेला. पण हसताना त्याचे डोळे भरले होते. सोंग करून भीक मागायची पाळी आली, दुसरं काय? आणि एवढं करून गवत येईल का? आलं तर आपल्यापर्यंत पुरेल का? साहेब बघेल, मान हलवेल, जाईल. त्याच्या मनात काय, ते आपल्याला कसं कळावं? काळीपुढं आज सकाळी उसाचं वाळकं पाचट टाकलंय. रेडी तिच्या कासेला ढुशा देत राहते आणि काळी माझ्याकडं बघते. अगदी आईसारखी बघते.

म्हणून तुम्हाला शब्द देते, ऐका. मी तिला शेण फासू देणार नाही. पहाटे उठून मी तिला स्वच्छ धुवीन, जमेल तेवढ्या पाण्यात. पण झूल घालणार नाही. साहेबाला म्हणेन, हात लावून बघा, बरगड्या मोजून बघा. तुम्हाला ते आवडणार नाही, ठाऊक आहे. पण साहेब बघत असेल तोवर मी तिच्या तोंडाशी उभी राहीन आणि माझा पदर तिच्या डोळ्यांवर धरीन. आपल्याला उघडं कुणी बघितलं, हे तुमच्या गुणीच्या लेकीला कळू देणार नाही.

तुमची,
दामूची आई